न मोजलेली वर्षे : पिचर सॅचेल पेज याची कारकीर्द

अमेरिकेतील वर्तमानपत्रांना १९४८ सालच्या उन्हाळ्यात एक प्रश्न चांगलाच पुरला. सॅचेल पेज या बेसबॉल खेळाडूचे वय काय? कोणी चाळीस सांगे, कोणी पन्नास. खुद्द पेजला विचारावे तर तो गंभीर चेहऱ्याने सांगे की जन्माचा कागद घरच्या बायबलात ठेवला होता, आणि ते बायबल बकरीने खाल्ले. लोक हसत. मोबील शहराच्या दप्तरात मात्र नोंद स्वच्छ होती : ७ जुलै १९०६. दप्तर उघडले की सुटेल इतके हे कोडे सोपे होते. तरीही पुढे कित्येक वर्षे लोकांनी तो प्रश्न आवडीने विचारला आणि पेजने तो आवडीने टाळला. आम्हांस वाटते की या विनोदाच्या आड दुसरा एक प्रश्न दडून होता आणि तो विचारणे फारसे कोणाच्या सोयीचे नव्हते. बेचाळीस वर्षांचा होईपर्यंत हा माणूस होता कोठे?

त्या प्रश्नाकडे वळण्यापूर्वी पिचर म्हणजे कोण हे सांगितले पाहिजे, कारण आपण सारे क्रिकेटच्या अंगणात वाढलेली माणसे. पिचर म्हणजे बेसबॉलमधील गोलंदाज, असे ढोबळपणे समजावे. परंतु फरक मोठे आहेत. आपला गोलंदाज धावत येतो. पिचर मैदानाच्या मध्यावरील एका उंचवट्यावर उभा राहतो आणि तेथूनच चेंडू सोडतो. कोपर वाकवून चेंडू फेकणे हा क्रिकेटात गुन्हा आहे. इथे तोच धर्म. चेंडूला टप्पा नसतो. अंतर ६० फूट ६ इंच, म्हणजे आपल्या खेळपट्टीहून थोडे कमीच. फलंदाजापुढे जमिनीत १७ इंच रुंदीची एक पाटी बसविलेली असते, तिला प्लेट म्हणतात. त्या प्लेटच्या हद्दीत, साधारण गुडघ्यापासून छातीपर्यंतच्या उंचीवरून गेलेला चेंडू फलंदाजाने सोडला किंवा हुकविला की एक ‘स्ट्राइक’. असे तीन झाले की तो बाद. हद्दीबाहेरचे चार चेंडू सोडले की त्याला पहिला बेस फुकट मिळतो. आणि सर्वांत मोठा फरक असा की षटकामागून गोलंदाज बदलण्याची सोय येथे नाही. चांगला पिचर नऊच्या नऊ डाव एकटा चेंडू टाकी आणि मग तीन-चार दिवस हाताला विश्रांती देई. ही विश्रांतीची गोष्ट ध्यानात ठेवावी.

लीरॉय रॉबर्ट पेज याचा जन्म अॅलाबामा संस्थानातील मोबील या बंदराच्या गावी झाला. बाप माळीकाम करी, आई धुणी धुई. पोरे बारा, त्यांत हा सातवा. लहानपणी तो रेल्वे स्टेशनवर उतारूंच्या पिशव्या वाहत असे. एका काठीला दोर बांधून त्याने एकाच खेपेत बऱ्याच पिशव्या उचलण्याची युक्ती काढली, आणि पिशवीला असलेला ‘सॅचेल’ हा शब्द त्याला कायमचा चिकटला. त्याचा एक बालमित्र निराळे सांगे : पेजने एक पिशवी लांबविली आणि पकडला गेला, त्यावरून हे नाव पडले. दोन्ही कथा आपापल्या जागी राहू देत. खरी गोष्ट अशी की शाळा बुडविणे आणि दुकानातील किरकोळ वस्तू चोरणे एवढ्यासाठी १९१८ च्या जुलैत, बारा वर्षांचा असताना, त्याला माउंट मेग्ज येथील कृष्णवर्णीय मुलांच्या सुधारगृहात पाठविण्यात आले. तेथून तो सुटला १९२३ च्या डिसेंबरात. तेथेच एडवर्ड बर्ड नावाच्या शिक्षकाने त्याला चेंडू टाकायला शिकविले : डावा पाय आकाशाकडे इतका उंच उचलायचा की फलंदाजाला पायाचा तळवाच दिसावा, आणि हात शेवटच्या क्षणी पुढे आणायचा. पाच वर्षांचे स्वातंत्र्य देऊन आपण ही विद्या घेतली, अशा अर्थाचे पेजने पुढे म्हटले आहे. त्याच्या बोलण्यात तक्रारीचा सूर सापडत नाही. तो आम्ही आमच्याकडून घालतो. बारा वर्षांच्या पोराला किरकोळ चोरीसाठी साडेपाच वर्षे!

आता तो ज्या खेळात शिरला त्याची स्थिती पाहू. बेसबॉलच्या वरिष्ठ लीगमध्ये १८८४ साली मोझेस फ्लीटवुड वॉकर हा कृष्णवर्णीय खेळाडू टोलीडोच्या संघातून खेळला होता. त्यानंतर दार बंद झाले. बंदीचा नियम कोठेही लिहिलेला नव्हता. मालकांमध्ये तो सभ्य गृहस्थांचा समजुतीचा करार होता, आणि अशा अलिखित कराराला खोडायला काही ओळ सापडत नाही, म्हणून तो साठ वर्षांहून अधिक टिकला. येथे आपणांस एका पुस्तकाची आठवण व्हावी. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ अर्पण केले ते अमेरिकेतील सत्पुरुषांना, गुलामांची मुक्तता करण्यात त्यांनी दाखविलेल्या औदार्याबद्दल. जोतीरावांची कृतज्ञता रास्त होती. परंतु त्या अर्पणपत्रिकेनंतर जेमतेम अकरा वर्षांत त्याच देशात मुक्त झालेल्यांच्या मुलांना चेंडूफळीच्या मैदानावरून घालवून देण्याचे काम सुरू झाले होते.

मग कृष्णवर्णीयांनी आपले संघ आणि आपली लीग उभी केली. रूब फॉस्टर याने, जो स्वतः नावाजलेला पिचर होता, १९२० साली कॅन्सस सिटीत नीग्रो नॅशनल लीगची स्थापना केली. पेजने १९२६ साली चॅटानूगाच्या संघातून व्यवसायाला आरंभ केला. पगार महिना पन्नास डॉलर, त्यातला मोठा वाटा आईला जाई. पुढे बर्मिंगहॅम, मग पिट्सबर्ग. पिट्सबर्ग क्रॉफर्ड्सचा मालक गस ग्रीनली हा आकड्यांच्या जुगारावर श्रीमंत झालेला मनुष्य. त्याच्या पैशाचा उगम काहीही असो, त्याने जमविलेला संघ असा होता की त्यातील पाच जणांना पुढे बेसबॉलच्या सन्मानमंदिरात स्थान मिळाले. ४ जुलै १९३४ रोजी होमस्टेड ग्रेज या बलाढ्य संघाविरुद्ध पेजने सतरा फलंदाज स्ट्राइकवर बाद केले आणि संपूर्ण सामन्यात एकाही फलंदाजाला हिट घेऊ दिली नाही.

या लीगांचे अर्थकारण फार नाजूक होते. लीगचे सामने थोडे. पोट भरे ते गावोगावच्या प्रदर्शनी सामन्यांवर. आज या गावी, रात्रभर मोटारीत, उद्या त्या गावी. गोऱ्यांच्या हॉटेलात खोली नाही, खानावळीत पान नाही. गावात भिंतीवर जाहिरात लागे की सॅचेल पेज येणार, आणि लोक त्यालाच पाहायला येत. म्हणून त्याला उतरावेच लागे. पुढच्या काळात तर ठरूनच गेले की पेजने रोज पहिले तीन डाव टाकावेत. मघाशी ज्या विश्रांतीविषयी आम्ही बोललो ती या माणसाच्या वाट्याला अशी आलीच नाही. वर्षाचे बाराही महिने, उन्हाळ्यात अमेरिका आणि हिवाळ्यात कॅलिफोर्निया, क्यूबा, पोर्टो रिको, मेक्सिको, असा त्याचा हात चालू असे.

करार मोडण्यात त्याला फारसा संकोच नव्हता, हेही सांगितले पाहिजे. जास्त पैसे दिसले की तो निघे. मालक त्याच्यावर संतापत आणि दुसऱ्या वर्षी परत घेत. १९३३ साली आणि पुन्हा १९३५ साली तो नॉर्थ डाकोटातील बिस्मार्क या छोट्या गावी गेला. नील चर्चिल या मोटारविक्या गृहस्थाने तेथे गोरे व काळे खेळाडू एकत्र असलेला संघ केला होता, आणि १९३५ मध्ये त्या संघाने विचिटा येथील राष्ट्रीय स्पर्धा जिंकली. मैदानावर असे एकत्र, पण राहायला गावात घर मिळेना. रेल्वेच्या जुन्या मालडब्यात बिऱ्हाड केले, असे पेजने लिहिले आहे.

याहून विलक्षण १९३७ ची हकीकत. डोमिनिकन प्रजासत्ताकाचा हुकूमशहा राफाएल त्रुहियो याने राजधानीला स्वतःचे नाव दिलेले होते. त्या राजधानीच्या संघाने हरणे परवडणारे नव्हते. त्याचे दूत पैशांच्या थैल्या घेऊन आले. पेज गेला, आणि त्याच्यामागून जॉश गिब्सन, कूल पापा बेल असे क्रॉफर्ड्सचे मोहरे गेले. पेज पुढे ही कथा रंगवून सांगे : बंदुका घेतलेले शिपाई, हरलो तर भिंतीशी उभे करतील अशी भीती, आणि शेवटच्या डावात मिळालेला विजय. विजय मिळाला हे खरे आहे. बंदुकांचा किती भाग खरा हे कथेच्या गोडीवरून ठरवू नये. परंतु त्याच वर्षी ऑक्टोबरात त्रुहियोच्या सैन्याने हैतीच्या हजारो लोकांची कत्तल केली, तेव्हा ते भय अगदीच पोकळ होते असेही म्हणवत नाही. इकडे पिट्सबर्गचा संघ खिळखिळा झाला तो पुन्हा सावरला नाही. ग्रीनलीने बांधलेले मैदानही पुढच्या वर्षी पाडले गेले.

१९३८ साली मेक्सिकोत असताना जे व्हायचे ते झाले. हात वर जाईना. वैद्यांनी सांगितले की आता चेंडू टाकणे विसरावे. वय बत्तीस, शिल्लक काही नाही, आणि ज्यांना सोडून गेला ते मालक दाराशी उभे करीनात. त्या वेळी कॅन्सस सिटी मोनार्क्सचा गोरा मालक जे. एल. विल्किन्सन याने त्याला आपल्या दुय्यम, फिरत्या संघात घेतले. नावाला गर्दी येईल एवढ्याच हिशेबाने. पेज अॅलाबामाहून पार वायव्येकडच्या गावांपर्यंत फिरला, हळूहळू, वाकडेतिकडे चेंडू टाकीत. १९३९ मध्ये एक दिवस हात परत आला. हे कसे घडले याची पेजच्या तोंडची कारणे पुष्कळ आहेत. आम्हांस एक साधे कारण दिसते : दहा-बारा वर्षांत प्रथमच त्या हाताला दमाने घेण्याची मुभा मिळाली होती.

परतल्यावर तो निराळा पिचर झाला. पूर्वी वेग हेच त्याचे सर्वस्व होते. आता वक्र चेंडू, संथ चेंडू, आणि ज्याला आपण अडखळता चेंडू म्हणू तो आला. पाय जमिनीवर पडतो, हात येतो, मध्येच क्षणभर थबकतो. फलंदाजाची फळी फिरून जाते आणि मग चेंडू येतो. अचूकपणा मात्र पहिल्यापासूनचा. सराव करताना तो प्लेटऐवजी च्युइंगगमचा कागद ठेवी. १९४२ च्या नीग्रो वर्ल्ड सिरीजमध्ये मोनार्क्सनी होमस्टेड ग्रेजना चार सामन्यांत चारीमुंड्या चीत केले. दुसऱ्या सामन्यात तिन्ही बेसवर प्रतिस्पर्धी उभे असताना पेजने जॉश गिब्सनला, म्हणजे त्या काळच्या सर्वांत भयंकर फलंदाजाला, तीन स्ट्राइकवर बाद केले. पुढे कथा अशी वाढली की गिब्सनपर्यंत पोहोचता यावे म्हणून त्याने आधीच्या फलंदाजांना मुद्दाम फुकट बेस दिले. हा भाग सांगता सांगता मोठा झाला असावा. पण बेस भरलेले होते आणि गिब्सन बाद झाला, एवढे पुरेसे नाही काय?

येथे इतिहासलेखकाची अडचण उभी राहते. पेज म्हणे की आपण सुमारे अडीच हजार सामन्यांत चेंडू टाकला आणि दोन हजार जिंकले. हे मोजले कोणी? कृष्णवर्णीयांची वृत्तपत्रे बहुधा साप्ताहिक. त्यांना मिळेल तो तपशील मिळे. गोऱ्यांची दैनिके दोन ओळी देत किंवा तेवढ्याही देत नसत. खेड्यातल्या सामन्याचा धावफलक दुसऱ्या दिवशी पुसला जाई. ज्याला समाज मोजण्याजोगे मानीत नाही त्याचे दप्तर राहत नाही, आणि दप्तर नसले की पुढे म्हणायला जागा होते की पराक्रमाला पुरावा काय. अशा वेळी माणूस स्वतःच आपली बखर होतो, आणि बखरीत जे गुणदोष असतात ते त्याच्या तोंडी येतात. पेजला थापाड्या म्हणणारे हा विचार करीत नाहीत. शिवाय साक्षीदार अगदीच नाहीत असे नाही. डिझी डीन, बॉब फेलर हे वरिष्ठ लीगचे श्रेष्ठ पिचर हंगाम संपल्यावर त्याच्याशी प्रदर्शनी सामने खेळत, आणि दोघांनीही त्याची थोरवी उघड बोलून दाखविली. जो डिमॅजिओने तर आपण ज्यांच्यासमोर उभे राहिलो त्यांत तो सर्वश्रेष्ठ, असे सांगितले.

दार उघडले ते १९४५ च्या ऑक्टोबरात. ब्रुकलिन डॉजर्सच्या ब्रांच रिकीने कृष्णवर्णीय खेळाडू निवडला, आणि तो पेजच्याच मोनार्क्समधला. परंतु पेज नव्हे. जॅकी रॉबिन्सन सव्वीस वर्षांचा, विद्यापीठात शिकलेला, लष्करात अधिकारी राहिलेला. एकाच हंगामाचा पाहुणा. पेजने जाहीरपणे त्याची स्तुती केली. मनात काय झाले ते पुढे आत्मचरित्रात मोकळेपणाने सांगितले. पहिला मान आपला होता असे त्याला वाटे. रिकीचा निर्णय चुकला असे आम्ही म्हणणार नाही. ज्या अपमानांतून पहिल्या माणसाला जायचे होते त्याला रॉबिन्सनसारखाच तरुण, करारी मनुष्य हवा होता. तरी दुःख ते दुःखच. ज्याच्या नावावर वीस वर्षे ते संघ जगले तो एकोणचाळिसाव्या वर्षी म्हातारा ठरला. गिब्सनचे नशीब याहून वाईट. १९४७ च्या जानेवारीत, रॉबिन्सन ब्रुकलिनच्या मैदानात उतरण्याच्या तीन महिने आधी, तो पस्तिसाव्या वर्षी वारला.

क्लीव्हलंड इंडियन्सचा मालक बिल वेक याने ७ जुलै १९४८ रोजी, पेजच्या बेचाळिसाव्या वाढदिवशी, त्याच्याशी करार केला. त्याची परीक्षा घेतली कर्णधार लू बूड्रो याने. तो त्या वर्षीचा उत्कृष्ट फलंदाज, पण पेजचे चेंडू त्याला धड लागेनात. स्पोर्टिंग न्यूज या वजनदार साप्ताहिकाने टीका केली की या वयाचा पिचर घेणे म्हणजे वरिष्ठ लीगची अवहेलना. तो गोरा असता तर वेकने ढुंकूनही पाहिले नसते. वेकने याला दिलेले उत्तर आम्हांस चोख वाटते : गोरा असता तर पंचवीस वर्षांपूर्वीच वरिष्ठ लीगमध्ये असता आणि हा प्रश्नच उद्भवला नसता.

लोकांनी आपला कौल पायांनी दिला. ३ ऑगस्टला क्लीव्हलंडला पेजने पहिल्यांदा डावाची सुरुवात केली तेव्हा ७२,४३४ प्रेक्षक होते. १३ तारखेला शिकागोत ५१,०१३. तेथे त्याने ५–० असा सामना जिंकला, प्रतिपक्षाला एकही धाव न देता. २० तारखेला पुन्हा क्लीव्हलंड, ७८,३८२ प्रेक्षक, निकाल १–०. तीन सामन्यांना दोन लाखांहून अधिक माणसे! त्याचा अडखळता चेंडू लीगच्या अध्यक्षांनी बेकायदा ठरविला. त्याने तो सोडून दिला आणि बाकीच्या चेंडूंवर भागविले. हंगामात सहा विजय, एक पराभव. हे सहा थोडे वाटतील, परंतु हंगामाच्या शेवटी क्लीव्हलंड आणि बॉस्टन यांची बरोबरी झाली आणि एका जादा सामन्यावर लीगचा निकाल लागला. त्या सहांतला एक जरी कमी असता तर क्लीव्हलंड वर्ल्ड सिरीजला पोहोचले नसते. त्या सिरीजमध्ये त्याला दोनच फलंदाज बाद करण्यापुरती संधी मिळाली. तेथे चेंडू टाकणारा तो पहिला कृष्णवर्णीय पिचर.

त्याच १९४८ साली नीग्रो नॅशनल लीग बंद पडली. चांगले खेळाडू वरच्या लीगने उचलले, कित्येकदा मोबदला न देता. रॉबिन्सनसाठी रिकीने मोनार्क्सना एक पैसाही दिला नाही. प्रेक्षकही त्यांच्यामागे गेले. दार उघडले तेव्हा थोडेच आत जाऊ शकले. बाकीचे तिशी-चाळिशीतले शेकडो खेळाडू, मालक, पंच, तिकिटे विकणारे, यांचे घरच मागे उरले नाही. हा न्यायाचा हिशेब फार कमी ठिकाणी मांडलेला आढळतो.

पेज मात्र टिकला. सेंट लुई ब्राउन्स या दुबळ्या संघातून १९५२ साली, सेहेचाळिसाव्या वर्षी, त्याने बारा सामने जिंकले; त्यांतला ऑगस्टमधला एक, डेट्रॉइटविरुद्ध, बारा डाव एकट्याने चेंडू टाकून १–० असा. पुढल्या काळात दुय्यम संघ, पुन्हा गावोगावचे फिरणे. २५ सप्टेंबर १९६५ रोजी कॅन्सस सिटीच्या मालकाने गर्दी जमावी म्हणून त्याला एका सामन्यापुरते बोलाविले आणि मैदानाकाठी झुलत्या खुर्चीत बसवून शेजारी एक परिचारिका उभी केली. हा तमाशा आम्हांस रुचत नाही. पेजला त्याचे वाईट वाटलेले दिसत नाही. एकोणसाठ वर्षांचा तो मनुष्य खुर्चीतून उठला, बॉस्टनविरुद्ध तीन डाव टाकले, एकही धाव दिली नाही, फक्त यस्ट्रेमस्कीला एक टोला दिला, आणि परत आला.

तीन वर्षांनी निवृत्तिवेतनाचा प्रश्न निघाला. वरिष्ठ लीगच्या सेवेत त्याचे १५८ दिवस कमी भरत होते. चाळीस वर्षे चेंडू टाकलेल्या माणसाचे १५८ दिवस कमी! अटलांटाच्या संघाने त्याला १९६८ मध्ये नावापुरता शिक्षक नेमून ते भरून दिले. १९७१ साली सन्मानमंदिरात घ्यायचे ठरले तेव्हा आधी त्याच्यासाठी आणि त्याच्यासारख्यांसाठी निराळे दालन योजिले होते. बोभाटा झाल्यावर त्याचा फलक इतरांच्या पंक्तीला लागला. तो ८ जून १९८२ रोजी कॅन्सस सिटीत वारला.

२०२० च्या डिसेंबरात वरिष्ठ लीगने १९२० ते १९४८ या काळातील सात नीग्रो लीगांना बरोबरीचा दर्जा दिला, आणि २०२४ साली त्यांचे आकडे अधिकृत दप्तरात दाखल झाले. जॉश गिब्सन त्या दिवशी सर्वकालीन फलंदाजी-सरासरीत पहिला आला. पेजच्या नावावरही बरेच विजय नव्याने चढले. परंतु दप्तरात जातात ते लीगचेच सामने. बिस्मार्कचे, त्रुहियोच्या राजधानीचे, डीन आणि फेलर यांच्याविरुद्धचे, आणि रोज संध्याकाळी नव्या गावी टाकलेले ते तीन-तीन डाव त्यात नाहीत.